गोळीवर बंदी, कात्रीला मोकळीक

२०२५ च्या डिसेंबरअखेर केंद्र सरकारने निमेसुलाइड या वेदनाशामक औषधाच्या १०० मिलिग्रॅमहून जास्त मात्रेच्या साध्या गोळ्यांवर बंदी घातली आणि ठरलेला वाद ठरलेल्या चालीने सुरू झाला. एक बाजू म्हणाली, पेनकिलर म्हणजे किडनीचा काळ, हे आम्ही कधीचं सांगतोय. दुसरी म्हणाली, आमच्या घरात वर्षानुवर्षं या गोळ्या चालतात, कुणाला काही झालं नाही, हा सगळा घाबरवण्याचा धंदा. मध्येच कुणी विदेशी कंपन्यांचा डाव शोधला, कुणी हळदीच्या दुधाचा उतारा सांगितला. या गलक्यात एक साधी गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. मेडिकलच्या खणात निमेसुलाइडची जी नेहमीची गोळी पडलेली असते ती १०० मिलिग्रॅमचीच असते आणि बंदी सुरू होते ती त्याच्या वर. ज्या गोळीवरून भांडण जुंपलं, ती बहुतेक घरांत होती तिथेच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सगळी एकाच घराण्यातली, सूज आणि वेदना उतरवणारी औषधं. यातल्या एकेका नावावर फुली मारत गेल्याने फार माणसं वाचणार नाहीत. गोळी कुणाच्या हातात पडते, किती पडतात, घरातल्या कोणत्या दुसऱ्या गोळीसोबत पोटात जातात आणि घेणाऱ्याला काय ठाऊक असतं, यावर सगळं ठरतं. म्हणून सरकारने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामकांची एक छोटी, उघड यादी करावी, ती औषधं लहान आणि न कापलेल्या पाकिटातच, मराठीत छापलेल्या सूचनेसह विकली जावीत, आणि बाकीच्यांना चिठ्ठी खरोखर लागावी. आज कागदावर सगळं बंद आणि काउंटरवर सगळं खुलं आहे. अशा व्यवस्थेत बंदीचा फायदा मिळत नाही आणि मोकळिकीचाही नाही.

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मेडिकलपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहा. कुणीतरी येतं, ‘कंबर धरलीय, गोळी द्या दोन टायमाची.’ दुकानदार खणातून स्ट्रिप काढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो, सोबत दोन गॅसच्या गोळ्या, सगळं कागदी पुडीत. व्यवहार अर्ध्या मिनिटात पुरा. स्ट्रिपवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असं इंग्रजीत छापलेलं असतं, मुदतीची तारीख असते. ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला, औषध खरं की बनावट ते कळावं म्हणून. यातलं काय पुडीत येतं? औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं, कधी तीही नाहीत. आठ दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरने विचारलं, आधी काय घेतलं होतं, तर उत्तर ठरलेलं: ती पिवळी, लांबट. मग नव्या चिठ्ठीवर त्याच औषधाची दुसऱ्या नावाची गोळी येते आणि पिशवीत दोन्ही नांदू लागतात. एसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारं म्हणून एक एन्झाइम असं त्रिकूट आपल्याकडे इतक्या ब्रँडनावांनी विकलं जातं, की एकच औषध दोनदा घेतोय हे शिकलेल्या माणसालाही उमगत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात एसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची एक ठरावीक मात्रा होती. इतर मात्रांची तीच जोडी दुकानात सुखाने बसून राहिली.

‘आम्हाला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांना मूर्खात काढणं मला मान्य नाही. त्यांचा अनुभव खरा आहे आणि त्यामागचं कारणही माहीत आहे. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. हीच रसायनं दुखऱ्या जागी सूज आणि ठणका निर्माण करतात, हीच जठराचं अस्तर आम्लापासून सांभाळतात, आणि शरीरातलं पाणी किंवा रक्तदाब उतरला की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचं कामही यांचंच. तिशीतल्या, पोटभर पाणी पिणाऱ्या धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाला या मदतीची एरवी फारशी गरज पडत नाही. त्याने दात दुखतो म्हणून दोन दिवस आयबुप्रोफेन घेतलं तर बहुधा खरंच काही होत नाही. शिवाय पॅरासिटामॉल ताप आणि साधं दुखणं उतरवतं, पण संधिवाताच्या सुजलेल्या सांध्यापुढे ते अनेकदा तोकडं पडतं. ज्यांना या औषधांची खरी गरज आहे त्यांना ‘विष’ हा शब्द ऐकवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

पण घरात गोळी फक्त तिशीतला माणूस घेतो का? रक्तदाबासाठी टेल्मीसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरथायझाइड एकाच गोळीत घेणारी माणसं आज गल्लोगल्ली आहेत. त्या दोघांत गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची भर पडली की मूत्रपिंडावर तिन्हीकडून ओढ बसते, आणि त्यात जुलाब झाले किंवा मे महिन्याची काहिली असली की रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मागे पडत असल्याची खूण, काही दिवसांत चढू शकतं. हृदयासाठी रोज लहान ॲस्पिरिन घेणाऱ्याने सोबत आयबुप्रोफेन घेतलं, तर ॲस्पिरिनचा उपयोगच कमी होऊ शकतो आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. पाच महिने उलटलेल्या गरोदर बाईला ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडासाठी धोक्याची, शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयासाठीही. डेंग्यूच्या दिवसांत तापावर ही घेतली तर रक्तस्रावाला आमंत्रण. आजी, काका, सून, शेजारचा मुलगा, सगळे एकाच डब्यातून गोळी उचलतात. तिथे ‘मला काही झालं नाही’ हा पुरावा फक्त बोलणाऱ्यापुरता असतो.

या अज्ञानावर आपण काही खात्रीचे तोडगेही शोधून ठेवले आहेत. ‘इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही’ हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. अल्सर काही गोळी जठरात घासली म्हणून होत नाही. औषध रक्तातून फिरून अस्तराचं संरक्षण काढून घेतं, ते कमरेत टोचलं तरी काढून घेणारच. जेवून गोळी घेतली की जळजळ कमी होते हे खरं, अल्सर टळतो असं नाही. गॅसची गोळी, तीही ओमेप्राझोलच्या घराण्यातली असेल तर, जठराला बऱ्यापैकी वाचवते, पण मूत्रपिंडाला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि ज्या मलमाला आपण बायकापोरांचं औषध म्हणून हसतो, ते डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याच्या झिजेवर गोळीच्या आधी वापरून पाहावं असं ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्यातून रक्तात जाणारं औषध फारच थोडं असतं.

आता बंदीवाल्यांकडे वळतो. त्यांचा मुद्दाही हलका नाही. काही औषधं बाजारात नसलेलीच बरी. निमेसुलाइडला अमेरिकेत कधी परवानगीच मिळाली नाही. यकृताला होणाऱ्या इजेमुळे फिनलंड आणि स्पेनने ते २००२ मध्ये थांबवलं, आपल्याकडे २०११ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी बंद झालं. इतकी पर्यायी औषधं असताना ते हवंच कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते उद्या पूर्ण बंद झालं तर मी एक अश्रू गाळणार नाही.

तरीही बंदीचा इतिहास पाहा. १९९९ मध्ये याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब बाजारात आलं ते ‘पोटाला सौम्य’ म्हणून. तसं ते होतंही. २००० मध्येच एका मोठ्या चाचणीत नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांपेक्षा रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. कंपनीच्या बाजूने खुलासा आला की नॅप्रॉक्सेनच हृदयाचं रक्षण करत असावं. ३० सप्टेंबर २००४ ला ते जगभरातून मागे घ्यावं लागलं. मग जग शहाणं होऊन जुन्या, भरवशाच्या डायक्लोफिनॅककडे परतलं, आणि पुढे कळलं की हृदयाला धोका देण्यात डायक्लोफिनॅकही फार मागे नाही. २०१५ मध्ये ब्रिटनने डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. पोट सांभाळावं तर हृदय, हृदय सांभाळावं तर पोट, आणि मूत्रपिंड दोन्हीकडे. या घराण्यात निरुपद्रवी सभासद नाही. मग एकाला हाकलून दुसऱ्याला मानाने आत बसवण्यात काय साधतं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण माणसांचं नाहीच, गिधाडांचं आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर जवळजवळ संपलं. २००४ मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं: गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडायचं. मुंबईत डुंगरवाडीवर, जिथे पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो, सौर परावर्तक बसवण्याची पाळी आली ती यामुळेच. २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. प्रश्न सुटला? माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या मेडिकलमध्ये होत्याच, त्या गोठ्यात जाऊ लागल्या. एवढ्या मोठ्या कुपीची माणसाला गरज काय, हा प्रश्न सरकारला पडायला २०१५ साल उजाडलं. तेव्हा कुपी ३ मिलिलिटरची करण्यात आली. दरम्यान गोठ्यात एसिक्लोफिनॅक पोचलं होतं, जे गाईच्या शरीरात शिरलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. त्यावर आणि केटोप्रोफेनवर बंदी आली २०२३ मध्ये, जनावरांच्या निमेसुलाइडवर त्याच्याही नंतर. एक नाव बंद केलं की शेजारचं नाव त्याच्या खुर्चीत. या सगळ्या खटाटोपात नावाशी न भांडता थेट वापराच्या वाटेवर बोट ठेवणारं पाऊल एकच होतं, कुपी लहान करणं, आणि ते सुचायला नऊ वर्षं लागली.

पाकीट लहान केल्याने माणसांत फरक पडतो का, हेही करून पाहिलेलं आहे. १९९८ मध्ये ब्रिटनने पॅरासिटामॉलच्या गोळ्या साध्या दुकानात एका पाकिटात १६ आणि फार्मसीत ३२ अशी मर्यादा घातली. पुढच्या ११ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये या औषधाच्या विषबाधेचे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७६५ ने कमी झाले, असं संशोधकांनी मोजलं. पॅरासिटामॉल वेगळं औषध आणि ते मृत्यू मुख्यतः जास्त गोळ्या एकदम घेतल्याचे, तेव्हा आकडा जसाच्या तसा इकडे चिकटवता येणार नाही. पण औषध तेच, दुकान तेच, माणसं तीच, फक्त खोका लहान, आणि तरी माणसं वाचली, एवढं त्यातून घेता येतं.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे कात्रीमुळे पाकीट आधीच लहान आहे की! रोजंदारीवरचा माणूस दहा गोळ्यांचे पैसे एकदम देत नाही, म्हणूनच चार कापून मिळतात. कात्री काढून घेतली तर फटका त्यालाच. अगदी बरोबर, म्हणून कंपनीनेच चार किंवा सहा गोळ्यांचं पाकीट काढावं, प्रत्येक पाकिटावर नाव, मुदत आणि सूचना पूर्ण. शाम्पूची पुडी एक-दोन रुपयांत खेड्यापाड्यांत पोचवणाऱ्या देशाला हे जमत नाही असं कुणी सांगू नये.

चिठ्ठीची कडक सक्ती करा म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राने एकदा संधी दिली होती. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच आणि चिठ्ठीशिवाय औषध नाही असा आग्रह धरला गेला. कायद्यात हे आधीपासून होतंच. तरी औषध दुकानदारांच्या संघटनांनी बंदचं हत्यार उपसलं आणि प्रकरण चांगलंच तापलं. मोहीम योग्य होती असंच मी म्हणेन. पण आज त्या मेडिकलमध्ये जा, कात्री सुखरूप आहे. सगळ्याच गोळ्यांना चिठ्ठी हवी म्हटलं की प्रत्येक डोकेदुखीमागे डॉक्टरची फी आणि बुडालेला रोज उभा राहतो. असा नियम लोक आणि दुकानदार मिळून मोडतात, तपासणारा डोळेझाक करतो, आणि मग जिथे चिठ्ठी खरोखर हवी तिथेही तिची किंमत उरत नाही. थोडं उघडपणे मोकळं केलं तरच उरलेलं बंद ठेवण्याची ताकद प्रशासनात येईल.

कमी मात्रेचं आयबुप्रोफेन, दिवसाला जास्तीत जास्त १२०० मिलिग्रॅम, तीन दिवस पुरेल इतकंच, आणि लावायची जेलं. माझ्या यादीत याहून फारसं काही नसेल. पाकिटावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात, इतकंच छापावं: रक्तदाबाची, हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, पोटात कधी अल्सर झाला असेल, गरोदर असाल, किंवा डेंग्यूची साथ असताना ताप आला असेल, तर ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. शौच काळं झालं किंवा लघवी कमी झाली तर लगेच थांबवा आणि दवाखाना गाठा. सोबत दुसरी दुखण्याची गोळी नको. वाचणार कोण, असं विचाराल तर सगळे नाही वाचणार. पण घरातली आठवीतली मुलगी वाचेल, आशाताई वाचून दाखवेल. निदान वाचायला काहीतरी हातात असेल. पुडीच्या कोऱ्या कागदावर काय वाचायचं?

खप वाढेल ही भीती मात्र मला खोडता येत नाही. ऑस्ट्रेलियाने ती भोगली आहे. ॲस्पिरिन, फिनॅसेटिन हे जुनं वेदनाशामक आणि कॅफीन यांच्या पुड्या तिथे चहासारख्या घरोघर चालत, मूत्रपिंडं निकामी होण्याचं ते एक मोठं कारण ठरलं, आणि १९७९ मध्ये अशा मिश्रणांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आल्यावर प्रमाण उतरलं. स्वीडनच्या हुस्कव्हार्ना गावात तर १९१८ च्या साथीत फ्लूसाठी दिलेली फिनॅसेटिनची पुडी शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली, कारण पुडी घेतली की कामाची पाळी निभावते. कामगारांच्या मूत्रपिंडांनी त्याची किंमत मोजली. दोन्हीकडे मिश्रणं होती, मोठा पुरवठा होता आणि मर्यादा सांगणारं कुणी नव्हतं. म्हणूनच माझ्या यादीत मिश्रणाला जागा नाही आणि तीन दिवसांपुढे गोळी नाही.

हुस्कव्हार्नाबद्दल वाचताना मला बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात येणारे कोयते आठवले. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. डोक्यावर मोळी, फडात संडास नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, वर ऊन, आणि पाळीचं किंवा कंबरेचं दुखणं दाबायला सकाळी एक गोळी. मूत्रपिंडाला धोक्याची जी जी परिस्थिती वर सांगितली, ती इथे एका शरीरात एकवटते. त्या बाईला ‘पेनकिलर खाऊ नकोस’ असं सांगणाऱ्याने आधी तिचा खाडा भरून द्यावा.

इथे पाकिटावरची सूचनाही अपुरी पडेल, हे मला कळतं. पण काही गोष्टी औषधाच्या कायद्याबाहेर असूनही राज्याच्या हातात आहेत. दर हंगामाआधी साखर आयुक्तालय कारखान्यांना गाळप परवाने देतं. त्या परवान्यात तोडणी कामगारांच्या तळावर पिण्याचं पाणी, संडास आणि आठवड्यातून एकदा येणारं आरोग्य पथक एवढ्या अटी घालता येतील. पथकाने प्रत्येक बाईचा रक्तदाब मोजावा, लघवीतली प्रथिनं पट्टीवर तपासावीत आणि दुखण्यासाठी रोज काय घेतेस ते विचारून कार्डावर लिहावं. आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा मुकादमाने कापायचा नाही, हे त्याच कागदावर असावं.